‘जुन्या काळची निर्धोक औषधे’: एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे एक संदेश घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांमधून फिरतो आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी औषधांच्या रंगीत जाहिराती त्याला जोडल्या आहेत आणि खाली पाच दावे आहेत: ती औषधे निव्वळ वनस्पतींची होती, तान्ही बाळे एका चमच्यात शांत झोपत आणि त्यांना कसलाही अपाय होत नसे, त्या वेळचे डॉक्टर जाहिरात करत नसत, बरे झालेल्या रुग्णांची पत्रे हीच काय ती जाहिरात असे, आणि 1906 मध्ये बड्या औषध कंपन्यांनी कायदा करवून ही औषधे बंद पाडली. माझ्या भाचीचे बाळ पाच महिन्यांचे आहे आणि रात्र रात्र रडते. तिने हा संदेश मला पाठवून विचारले, ‘मामा, असले थेंब आपल्याकडे कुठे मिळतील?’ तेव्हा गप्प बसणे मला शक्य नाही. सुरुवात दुसऱ्या दाव्यापासून करतो, कारण तो जिवावर बेतणारा आहे.

संदेशात गुटगुटीत बाळ आणि त्याच्यावर वाकलेली प्रसन्न आई दिसते, ती जाहिरात ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ची आहे. मेन राज्यातील बँगर या गावी 1849 मध्ये हे सिरप विक्रीला आले आणि दात येताना रडणाऱ्या बाळांसाठी म्हणून ते घरोघरी पोहोचले. त्याच्या एका औंसात, म्हणजे साधारण 30 मिलिलिटरमध्ये, सुमारे 65 मिलिग्रॅम मॉर्फिन, म्हणजे अफूतून काढलेले वेदनाशामक, असे. हिशेब केला तर पाच मिलिलिटरच्या चमच्यात जवळजवळ 11 मिलिग्रॅम येते. तीव्र वेदना होणाऱ्या प्रौढ माणसाला आज डॉक्टर देखरेखीखाली मॉर्फिन सुरू करतात, तेव्हा एका वेळची मात्रा साधारण एवढीच असते. आणि इथे बाटलीवरची सूचना अशी होती की सहा महिन्यांवरील बाळाला एक चमचा, दिवसातून तीन-चार वेळा द्यावा. मॉर्फिन मेंदूतील श्वासाच्या केंद्राला मंद करते. तान्ह्या बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड अजून पुरते तयार झालेले नसल्यामुळे ते शरीराबाहेर टाकायला वेळ लागतो आणि पुढचा चमचा आधीच्या शिल्लक मात्रेवर चढतो. असे बाळ ‘शांत’ झोपते, म्हणजे भुकेनेही जागे होत नाही, दूध ओढत नाही, आणि मात्रा थोडी जास्त झाली तर श्वासच थांबतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने 1911 मध्ये या सिरपची गणना बाळांचा जीव घेणाऱ्या औषधांत केली ती उगीच नव्हे.

हे फक्त अमेरिकेत घडत होते असेही समजू नये. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूच्या ‘बाळागोळ्या’ देऊन मागे ठेवत असत. त्या आयांना दोष देण्याचे माझ्या मनात नाही. दिवसभर यंत्रापाशी उभे राहायचे आणि मूल सांभाळायला घरी कोणी नाही, अशी त्यांची स्थिती होती. परंतु त्या गोळ्यांनी मुले सुकत गेली हे मान्य करायलाच हवे. ‘आपल्या पूर्वजांना काही झाले नाही’ असे आज म्हणणारा माणूस वाचलेल्यांचा वंशज असतो. जी बाळे दगावली, त्यांच्या वतीने बोलणारे कोणी उरलेले नाही.

आता ‘निव्वळ वनस्पती’. अफू ही वनस्पतीच आहे, तेवढ्याने ती निर्धोक ठरत नाही. लिडिया पिंकहॅम यांचे ‘व्हेजिटेबल कंपाऊंड’ 1875 पासून बायकांच्या तक्रारींवर विकले जाई. त्यात मुळ्या-पाने होती, आणि सुमारे 18 टक्के अल्कोहोलही होते. ‘पेरुना’ या अशाच दुसऱ्या औषधात ते 28 टक्के होते, म्हणजे बिअरच्या कितीतरी पट. लोक ते नशेसाठी पितात हे लक्षात आल्यावर 1905 मध्ये अमेरिकी सरकारच्या इंडियन व्यवहार कार्यालयाने मूलनिवासींच्या राखीव प्रदेशांत त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

डॉक्टर जाहिरात करत नसत, या दाव्यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 1847 च्या आचारसंहितेने जाहिराती, पत्रके आणि घटक गुप्त ठेवलेली औषधे डॉक्टरी पेशाला कमीपणा आणणारी ठरवली होती. मात्र बफेलोचे डॉ. आर. व्ही. पियर्स ‘गोल्डन मेडिकल डिस्कव्हरी’ या आपल्या औषधाची जाहिरात आपल्याच नावाने करत होते, त्यावर गडगंज झाले आणि 1878 मध्ये अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडूनही आले. आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे: त्या काळातील नामांकित डॉक्टरांचे उपचारही अनेकदा भयंकर असत. कॅलोमेल हे पाऱ्याचे संयुग ते सढळ हाताने देत. त्याने तोंडाला सतत लाळ सुटे, हिरड्या कुजत, दात पडत. 1863 मध्ये अमेरिकी लष्कराचे सर्जन जनरल, म्हणजे मुख्य वैद्यकीय अधिकारी, विल्यम हॅमंड यांनी कॅलोमेल औषधांच्या यादीतून काढले, तेव्हा डॉक्टरच त्यांच्यावर तुटून पडले. अशा वेळी लोकांनी गोड सिरपची बाटली जवळ केली याचे मला नवल वाटत नाही.

राहिली रुग्णांची पत्रे. ती गठ्ठ्यांनी विकत घेणारे आणि भाड्याने देणारे दलाल होते. बायकांनी विश्वासाने कळवलेली दुखणी अशी बाजारात जात. ‘मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा’ ही जाहिरात चालूच होती आणि त्या 1883 मध्येच वारल्या होत्या. 1905 मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने त्यांच्या थडग्याचे छायाचित्र छापले, तेव्हा ते वाचकांना कळले.

कायद्याविषयीचा दावा तर थेट उलटा आहे. ऑक्टोबर 1905 पासून ‘कोलियर्स’ साप्ताहिकात पत्रकार सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांची लेखमाला सुरू झाली. अमेरिकी लोक या औषधांवर वर्षाला साडेसात कोटी डॉलर उधळतात, असे तिच्या पहिल्याच वाक्यात होते. पुढच्याच महिन्यात त्याच साप्ताहिकाने वृत्तपत्रांचे जाहिरात-करार उघड केले. त्यांत लाल शाईत एक कलम असे: तुमच्या राज्यात या औषधांविरुद्ध कायदा झाला, तर हा करार रद्द. ज्या वर्तमानपत्राचे पोट या जाहिरातींवर चालते, ते कायद्याच्या बाजूने लिहिणार कसे? कायदा नको होता तो याच कंपन्यांना. त्यांच्या संघटनेने त्याला कसून विरोध केला.

शिवाय 30 जून 1906 ला संमत झालेल्या त्या कायद्याने ही औषधे बंद केलीच नाहीत. अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, क्लोरोफॉर्म असे काही पदार्थ आत असतील, तर त्यांचे नाव आणि प्रमाण वेष्टनावर छापा, एवढीच त्याची मुख्य मागणी होती. तीही अपुरी पडली. कर्करोग बरा करतो अशी खोटी हमी देणाऱ्याला हा कायदा लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1911 मध्ये दिला. पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली, पण तिच्यात फसवणुकीचा हेतू सिद्ध करण्याची अट होती. औषध खरोखर गुण देते याचा पुरावा विक्रीआधी सादर केलाच पाहिजे, हे बंधन अमेरिकेत यायला 1962 साल उजाडले.