मोलाची गोपनीयता

पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात पेन गळले, तेव्हा डाग ओला आहे तोवरच काहीतरी करायला हवे, एवढे मला ऐकून माहीत होते; नेमके काय करायचे, ते मात्र माहीत नव्हते. एका हाताने सदरा शरीरापासून दूर धरून दुसऱ्या हाताने मी फोनवर शोध घेतला आणि पहिल्याच दुव्यावर बोट ठेवले. 'शाईचा डाग काढण्यासाठी सर्वप्रथम' एवढी अक्षरे दिसली, आणि तोच खालून एक चौकट वर आली व तिने उरलेले पान झाकून टाकले. 'तुमची गोपनीयता आमच्यासाठी मोलाची आहे,' असे तिच्यावर लिहिले होते. मोल किती, ते लिहिले नव्हते. गिऱ्हाइके किती, ते मात्र होते. 'आम्ही आणि आमचे ८१२ भागीदार' तुमच्या फोनमध्ये कुकी ठेवू इच्छितो, असे.

चौकटीत दोन बटणे होती. 'सर्व स्वीकारा' हे हिरवेगार, अंगठा आपण होऊन जाऊन पडेल अशा जागी. आणि 'पर्याय पाहा' हे फिकट राखाडी, शाई संपत आलेल्या शिक्क्यासारखे. 'नाकारा' नव्हतेच. शहाणी माणसे अशा वेळी हिरवे बटण दाबून कामाला लागतात. मी तत्त्वाचा माणूस असल्यामुळे, म्हणजे माझी सगळीच कामे उशिरा होत असल्यामुळे, राखाडी बटण दाबले.

मुळात कुकी ही गरीब वस्तू आहे. वेबच्या सर्व्हरला जन्मजात विस्मरण असते; तुम्ही मागितलेले प्रत्येक नवे पान तो तुम्हाला प्रथमच पाहत असल्यासारखे देतो. अशा विसरभोळ्या दुकानदाराकडे खरेदीची टोपली पुढच्या पानापर्यंत टिकायची कशी, या अडचणीवर १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी तोड काढली: दुकानाने एक चिठ्ठी तुमच्या ब्राउझरजवळ ठेवायला द्यायची आणि पुढच्या खेपेला तुम्ही ती दाखवायची. इथवर कोणाची काही तक्रार नाही. पण पानावरची जाहिरात दुसऱ्याच सर्व्हरवरून येते, आणि तोही आपली एक चिठ्ठी तुमच्या खिशात सरकवतो. तोच जाहिरातवाला हजारो पानांवर बसलेला असल्यामुळे तुम्ही कुठेही गेलात तरी त्याला आपलीच चिठ्ठी दिसते, आणि सकाळी तुम्ही गुडघेदुखीबद्दल वाचले व दुपारी धावण्याचे बूट पाहिले, ही विसंगती तुमच्याआधी त्याच्या ध्यानात येते.

राखाडी बटणामागे भागीदारांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे दोन खटके होते. 'संमती' या रांगेतले सगळे खटके बंद होते, कारण आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिलेला आहे. शेजारच्या रांगेचे नाव होते 'वैध हितसंबंध', म्हणजे संमती न विचारताच माहिती वापरण्यासाठी पुढे केला जाणारा कायदेशीर आधार, आणि तिच्यातले सगळे खटके चालू. ज्यांचे नाव मी आयुष्यात ऐकले नाही, त्यांचा माझ्या फोनमध्ये हितसंबंध, आणि तोही वैध! सख्खे नातेवाईकसुद्धा इतक्या निःसंकोचपणे हक्क सांगत नाहीत. मी एकेक खटका बंद करू लागलो. चाळिसाव्या भागीदारापाशी आतून आवाज आला, "अहो, सापडलं का काही?"

"संमतीचं काम चालू आहे," मी म्हणालो.

वास्तविक हे सगळे एका वाक्यात संपायला हवे होते. 'माझा माग काढू नका' अशी सूचना ब्राउझरनेच प्रत्येक संकेतस्थळाला परस्पर द्यावी, ही कल्पना २००९ साली पुढे आली आणि ब्राउझरांमध्ये तसा खटकाही बसवला गेला. पण सूचना पाळणे ऐच्छिक होते, आणि ऐच्छिक म्हटल्यावर बहुतेकांची इच्छा काय झाली असेल, ते सांगायला नको. शेवटी २०१९ मध्ये ॲपलने आपल्या सफारी या ब्राउझरमधून तो खटका काढून टाकला, कारण त्या सूचनेचाच उपयोग माणूस ओळखण्याची आणखी एक खूण म्हणून होण्याची भीती होती. ओळखू येऊ नये म्हणून मुखवटा घालावा आणि गर्दीत मुखवटेवाले आपण एकटेच निघावे, तशातली गत.

माझे म्हणणे फार मोठे नाही. होकाराला जेवढे श्रम, तेवढेच नकाराला पडावेत. फ्रान्समध्ये गोपनीयतेवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाचेही हेच म्हणणे आहे. स्वीकारायला एक टिचकी आणि नाकारायला अनेक, या कारणावरून त्याने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. ते वाचून मला आनंद झाला होता, पण त्या क्षणी माझ्यापुढे अजून सातशेहून अधिक भागीदार बाकी होते आणि डाग खिशावरून पोटाकडे निघाला होता.

यादीच्या तळाशी 'सर्वांवर आक्षेप घ्या' असे बारीक अक्षरांत लिहिलेले मला दिसले, तोपर्यंत पाऊण तास गेला होता. मी आक्षेप घेतला. 'तुमच्या निवडीवर प्रक्रिया सुरू आहे' असे म्हणत एक वर्तुळ बराच वेळ फिरले, चौकट खाली गेली आणि अडलेले वाक्य पूर्ण झाले: 'शाईचा डाग काढण्यासाठी सर्वप्रथम डाग वाळू न देण्याची काळजी घ्यावी.'

मी फोन बंद करून ठेवला. वाळलेल्या डागाबद्दल त्याच पानावर खाली काही असेल, हे संध्याकाळी सुचले आणि मी ते पुन्हा उघडले. मात्र माझा नकार त्या संकेतस्थळाने लक्षात ठेवला होता तो एका कुकीत, आणि बंद होताना सगळ्या कुकी पुसून टाकाव्यात, अशी आज्ञा माझ्या ब्राउझरला मीच, गोपनीयतेच्या काळजीपोटी, देऊन ठेवलेली आहे. खालून चौकट वर आली. भागीदार ८१९ झाले होते.