बंदा रुपया

आजीच्या पितळी डब्यात दोन रुपये होते. एक १९१८चा, दुसरा १९४२चा. वजन तेच, तोळाभर. आजी ते फरशीवर टाकून दाखवायची. पहिला खणकन वाजायचा आणि कितीतरी वेळ गुणगुणत राहायचा. दुसरा बद्द. सराफानं तिला सांगितलं होतं, पहिल्यात चांदी जवळपास ९२ टक्के, दुसऱ्यात निम्मीच.

महायुद्ध चालू होतं. १९४०मध्ये सरकारनं रुपयातली जवळपास निम्मी चांदी काढून घेतली आणि ब्रिटननं पैसे नंतर देण्याच्या वायद्यावर इथं नोटा छापत सुटलं. सहा वर्षांत नोटा पाचपटीहून जास्त झाल्या. आकडा तोच ठेवून आतला ऐवज काढून घेणं, याला मी चोरीच म्हणतो. कायद्यानं केलेली असली तरी.

बाबासाहेबांनी हा धोका १९२३मध्येच ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये मांडला होता. पूर्वी कुणीही टांकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. १८९३मध्ये लोकांसाठी ते बंद झालं, सरकारला मात्र मोकळीक राहिली. पुढं या व्यवस्थेची तरफदारी केन्ससारखा नामांकित ब्रिटिश अर्थतज्ज्ञ करत होता. बाबासाहेब त्याच्या विरोधात उभे राहिले. म्हणाले, सरकारनंही रुपये पाडणं थांबवावं, सोन्याचं नाणं चालवावं. चलन पाडणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं की भाव चढतात आणि मार गरिबावर बसतो, ही त्यांची खरी काळजी होती. आपण त्यांची जयंती थाटात करतो, पण त्यांच्यातल्या या अर्थतज्ज्ञाला विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मी खुल्या बाजाराचा माणूस आहे. शेतकऱ्याच्या कांद्याचा भाव बाजारानंच ठरवावा, निर्यातबंदीनं पाडू नये. पण ज्या मापानं तो भाव मोजायचा, ते मापच दरसाल झिजत असेल तर? २०१६पासून रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्टच ४ टक्के आहे. एवढ्यानंही १८ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते.

बाबांनी १९८५मध्ये २५ हजारांची विमा पॉलिसी घेतली, माझ्या शिक्षणाची सोय म्हणून. पंचवीस वर्षं एकही हप्ता चुकवला नाही. पैसे बोनससकट आले, तेव्हा त्यात कॉलेजची एका वर्षाची फीसुद्धा बसली नसती.

आजीनं मात्र पोस्टात कधी पैसे ठेवले नाहीत. चार पैसे जमले की गुंजभर सोनं. १९६३मध्ये सरकारनं १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायलाच बंदी केली, तेव्हाही ती सराफाच्या मागच्या दारानं जातच राहिली.