संध्याकाळचे चार तास विकू नका

दादा, नमस्कार.

सोलापुरातल्या बागा समारंभांना भाड्याने देऊ नका, सुट्टीत मुलांना तिथे काम द्या आणि हुतात्म्यांचा इतिहास सांगा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तो वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत. प्रतिक्रिया कडक आहे, पण मन लावून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बागा समारंभाला भाड्याने देऊ नका म्हणणं सोपं आहे, पण ज्याला लॉन्सचं भाडं झेपत नाही त्याने पोराचं बारसं कुठे करायचं? भाडं नको तर बागेला पाणी कोण देणार? उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलांना बागेत काम द्या, हे म्हणणं बालमजुरीला गोड नाव देणं आहे. आणि घसरगुंडीचा पत्रा फाटलेला असताना हुतात्म्यांचा इतिहास सांगून कुणाचं भलं होणार?

कामाचं आधी बोलते, कारण तिथे चूक माझी आहे.

मी ‘शाळकरी मुलं’ असं लिहिलं होतं. तो शब्द चुकला. १९८६च्या बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. घरच्या कामात शाळा सांभाळून मदत करणं आणि बालकलाकार म्हणून काम करणं एवढे अपवाद सोडले, तर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ या वयात धोक्याचं काम देता येत नाही, आणि जे देता येतं त्यातही सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी, संध्याकाळी सातनंतर काम नको. बागेत तर गवत कापायचं यंत्र आहे, औषधफवारणी आहे, पंपाची उघडी वायर आहे. तेव्हा १८ पूर्ण झालेलीच मुलं-मुली घ्यावीत, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. लेखात तसा बदल केला आहे.

पण ‘सुट्टीत काम कशाला, मुलांना मोकळं सोडा’ हे तुमचं पुढचं वाक्य मला पटलं नाही. बारावी झालेल्या, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरीला मे महिन्यात चार पैसे मिळाले तर जूनमध्ये फी भरताना घरात कुणाकडे हात पसरावा लागत नाही. आपल्या शहराच्या पूर्व भागात हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथे आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर असतात, आणि सुट्टीत मुलं मोकळी असतात हे फक्त म्हणायला. घरात सुपं असतात, तेंदूची पानं कापायची असतात, टॉवेलच्या घड्या घालायच्या असतात. ते काम कुणी मोजत नाही, त्याचा पगार मुलांच्या हातात येत नाही. त्यापेक्षा सावलीत, ठरल्या वेळेत, ठरल्या मजुरीवर बागेचं काम असावं, एवढंच मी म्हणते.

मी स्वतः अठरा पूर्ण झाल्यावरच्या उन्हाळ्यात एका रोपवाटिकेत पिशव्या भरल्या आहेत. काळी माती, शेणखत आणि थोडी वाळू कालवायची, पिशवीत दाबून भरायची, तळाला भोकं आहेत का बघायचं, रांगेत लावायची. शंभर पिशव्यांवर मजुरी. पहिल्या आठवड्यात बोटांची सालं निघाली. कडुनिंबाचं बी पडल्यावर लवकर लावावं लागतं, ठेवून दिलं की उगवत नाही. चिंचोका मात्र वर्षभरानेही उगवतो. गुलमोहराचं बी कोमट पाण्यात भिजवावं लागतं. हे मला तिथल्या माळीमामांनी शिकवलं, आणि आजही मला झाडांतलं जे काही कळतं ते तिथूनच कळतं. शेवटच्या दोन आठवड्यांची मजुरी मात्र ठेकेदाराने दिली नाही. ‘पिशव्या फाटल्या’ म्हणाला. मी तीन वेळा गेले, तिसऱ्या वेळी तो भेटलाच नाही. म्हणून माझी मागणी आहे की अशा कामाची मजुरी ठेकेदाराच्या हातून जाऊच नये, ती थेट मुलांच्या बँक खात्यात यावी, दर पंधरवड्याला. तुम्हाला ‘गोड नाव’ खटकलं ते बरोबर आहे. कामाला काम म्हणावं, आणि किमान वेतनाच्या खाली एक रुपया देऊ नये. प्रमाणपत्र देऊन बोळवण करणं मलाही मान्य नाही.

आता भाड्याचं. यावर मी चार दिवस विचार केला, कारण बारशाचा प्रश्न तुम्ही अगदी बरोबर जागी टोचलात.

आधी पाण्याचा हिशेब करू, तो कुणालाही करता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा हिरवळ टिकवायला रोज निदान पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्याला रोज पाचशे लिटर, आणि वीस गुंठ्यांच्या लॉनला रोज दहा हजार लिटरचा एक पूर्ण टँकर. ज्या शहरात उजनी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, जिथे बायका अलार्म लावून रात्री हंडे भरतात, तिथे हे पाणी कुठून आणायचं, हा तुमचा प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं की मुळात एवढी हिरवळ नकोच. आपल्या हवेत ती भाड्याच्या फोटोंसाठीच वाढवली जाते. कडुनिंब, चिंच, करंज, वड ही झाडं एकदा तीन-चार वर्षांची झाली की फारसं पाणी मागत नाहीत आणि सावली मात्र आयुष्यभर देतात. उरलेल्या थोड्या हिरवळीला सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळालेलं पाणी द्यावं. पिण्याचं पाणी लॉनवर उडवू नये.

म्हणजे भाड्याचं समर्थन करणारा माणूस म्हणतो ‘लॉनला पाणी हवं म्हणून भाडं हवं’, आणि लॉन कशाला हवं तर भाड्याला. या फेऱ्यातून एक तरी बाजू सोडल्याशिवाय सुटका नाही.

मांडवाने जमिनीचं काय होतं तेही सांगते. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगा पडतात. ओल असताना तिच्यावर ट्रक, खांब, शेकडो पाय आले की ती दाबून विटेसारखी होते, मुळांना हवा मिळत नाही. सतरंजीखाली तीन दिवस झाकलेलं गवत पिवळं पडतं, ते परत यायला पावसाळा उजाडतो. मंडपवाल्यांचा यात द्वेष नसतो, त्यांना वेळेत काम उरकायचं असतं. पण ते झाडाला खिळा मारतात, तारेने बुंधा आवळतात आणि तार तशीच सोडून जातात. पुढे साल तारेवर वाढते आणि खोड तिथेच आवळून कमजोर होतं. असं एक करंजाचं झाड मी रोज बघते.

तरीही बारशाचं तुमचं म्हणणं खोटं ठरत नाही. एका खोलीत सहा माणसं राहतात त्या घराला पन्नास पाहुणे बसवायला जागा हवी, आणि लॉन्सवाले त्यांच्याशी बोलतसुद्धा नाहीत. मागच्या लेखात मी ‘समारंभाला पूर्ण बंदी’ असं लिहिलं, ते मागे घेते. बागेच्या एका कडेला, झाडांपासून दूर, फरशी घातलेला कोपरा असावा. तिथे पन्नास-साठ माणसांचा घरगुती कार्यक्रम सकाळी आठ ते अकरा या वेळात नाममात्र दराने करू द्यावा. जेवण बाहेरून आणावं, चूल पेटवू नये, डीजे नको. थंडीत आणि पावसाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळीही द्यायला हरकत नाही. लग्न, स्वागत समारंभ, कंपन्यांचे मेळावे मात्र अजिबात नकोत. ज्यांच्याकडे जनरेटर आणायला पैसे आहेत त्यांना शहरात जागा पुष्कळ आहेत.

तुम्ही होम मैदानाचा दाखला दिलात: गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, तिथे पाळणे लागतात, दुकानं लागतात, तेव्हा कुणी हरकत घेत नाही. दाखला चांगला आहे, पण मैदान आणि बाग यांची जात वेगळी. होम मैदान गर्दीसाठीच आहे. सिद्धेश्वरांची यात्रा, अडुसष्ट लिंगांना निघणारे नंदीध्वज, होमाची रात्र, त्यासाठी लाखभर पायांखाली ती जमीन यावी हीच तिची रीत आहे. तिथे गवत मेलं म्हणून कुणी हळहळत नाही. बागेतली जमीन तशी नाही, ती पाय पडायला नसून बसायला आहे.

आता ज्यासाठी हा सगळा लेखप्रपंच केला, तेवढं नीट ऐका. मे महिन्यात सोलापुरात बाग दिवसाचे किती तास वापरता येते? सकाळी नऊला बाकडं तापतं. दुपारी घसरगुंडीला हात लावला तर चटका बसतो. पाच वाजता सावल्या लांब होतात, सातच्या आसपास दिवस मावळतो, आणि नऊपर्यंत वारा अंगाला लागतो. म्हणजे पाच ते नऊ. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या बाईला, दम्याच्या म्हाताऱ्याला, चाळीतल्या पोरांना थंड हवा मिळण्याचे दिवसातले तेवढेच चार तास, आणि भाड्याने मागणी येते तीही नेमकी त्याच चार तासांना. भाड्याचा दर कितीही लावला तरी, मांडव लागल्यावर गेटवर ‘आज बाग बंद’ अशी पाटी दिसते तेव्हा परत फिरणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच मिळत नाही. मी एका संध्याकाळी अशा पाटीपुढे उभी होते. एक आजी नातवाला घेऊन रिक्षाने आल्या होत्या, जाऊन-येऊन भाडं त्यांनी पदराला बांधून आणलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. गेटच्या कठड्यावर थोडा वेळ बसल्या आणि गेल्या.

पैशाचं म्हणाल तर, १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, तिच्यात नागरी संस्थांकडे सोपवायच्या अठरा विषयांत उद्यानं आणि खेळाची मैदानं आहेत. रस्त्याच्या दिव्याचा खर्च दिव्याने स्वतः कमवावा असं आपण म्हणत नाही. मग तेच बागेला का सांगायचं? स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ साली सोलापूरचं नाव आलं तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पण तसा पैसा बांधायला येतो. माळ्याचा पगार, नळाची तोटी, झाडूवाली यांचा खर्च दर महिन्याचा आहे आणि तो अंदाजपत्रकातूनच यायला हवा.

सोयींबद्दल तुमची यादी मोठी होती: ओपन जिम, कारंजं, सेल्फी पॉइंट, मुलांची आगगाडी. मी फक्त तीन मागेन. पिण्याच्या पाण्याचा नळ. सावलीतली बाकडी. आणि बायकांसाठी चालू, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. ते नसलं की बाई अर्ध्या तासाच्या वर बागेत थांबत नाही, आणि ती उठली की तिच्याबरोबरची मुलंही उठतात. फाटलेला पत्रा आजच बदलावा, त्यात दुमत असायचं कारणच नाही.

राहिला इतिहास. तुम्ही म्हणता मुलांना खेळू द्या, धडे नकोत. हुतात्मा बागेत मुलं किल्ल्याच्या तटाच्या सावलीत खेळतात. तो भुईकोट संरक्षित स्मारक आहे, आणि कायद्याने त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. तुमची ‘तिथे पक्का हॉल बांधा’ ही सूचना म्हणूनच मुळात शक्य नाही, आणि ते बरंच आहे.

पण नावाचं कारण मुलांना कळलं तर खेळात काय बिघडतं? मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटलं. रूपाभवानी मंदिराकडे शिंदीची झाडं तोडण्याचा सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, झेंडा घेतलेले शंकर शिवदारे पडले. गिरण्यांमधले कामगार रस्त्यावर होते. काही दिवस इंग्रजांचा अंमल इथून उठला आणि मग मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, आला. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. चौघांची नावं एका दमात म्हणून बघा. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. आपल्या पेठांमध्ये कोण राहतं ते या चार नावांत आहे. पाटी लावायची तर एवढीच लावा, मुलांच्या उंचीला, मोठ्या अक्षरांत. शेजारी झाडांची नावं लावा. सुट्टीत कामावर घेतलेल्या मुलांना संध्याकाळी सातच्या आत अर्धा तास ही माहिती सांगायचं काम द्या, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूत. या चारही भाषा बोलणारी मुलं आपल्याला शोधत फिरावी लागणार नाहीत.

मूळ लेखात आता तीन बदल केले आहेत. ‘शाळकरी’ शब्द काढला, मजुरी थेट खात्यात यावी हे घातलं, आणि घरगुती कार्यक्रमांसाठी सकाळचा कोपरा मान्य केला. हे तिन्ही तुमच्यामुळे झालं. उन्हाळ्यात संध्याकाळी पाच ते नऊ बाग कुणालाही भाड्याने देऊ नये, हे वाक्य जसंच्या तसं ठेवलं आहे.