८२चा थर्मोस्टॅट आणि चार मिनिटांची सवलत

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण तुम्ही स्वतः गाडीवर हात काळे करून मग लिहिलं आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताकद वाढवण्यासाठी ट्यून केलेला ट्रक तापत असेल तर कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बसवून तो आजार जात नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. यावर तुमचे आक्षेप तीन. एक, तुम्ही ९० अंशांना उघडणारा काढून ८२चा बसवलात आणि ट्रेलर जोडून नेहमीच्या चढावर गेलात, तर तापमानाचा काटा पूर्वीपेक्षा स्पष्ट खाली राहिला. म्हणजे माझं म्हणणं पुस्तकी. दोन, तुमच्या मित्राने थर्मोस्टॅट काढूनच टाकला तेव्हा त्याची गाडी उलट जास्त तापली, कारण पाणी इतक्या जोरात पळतं की रेडिएटरमध्ये त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हे मी सांगितलंच नाही. तीन, मी लोकांना उगाच मोठ्या रेडिएटरच्या खर्चात पाडतो.

पहिल्या मुद्द्यावर आधी कबुली देतो. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, आणि ते का घडतं हे मूळ लेखात यायला हवं होतं. ते राहिलं ही माझी चूक.

थर्मोस्टॅटच्या पोटात मेणाची छोटी कुपी असते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडू लागते. ८२चा थर्मोस्टॅट ८२ला उघडायला सुरुवात करतो. पूर्ण उघडायला त्याला आणखी साधारण १० अंश लागतात. म्हणजे तो ९२च्या आसपास सताड उघडा, आणि ९०चा १००च्या आसपास. त्यानंतर दोघांत काडीचा फरक उरत नाही. इंजिनाने कमीत कमी किती गरम राहायचं, एवढंच थर्मोस्टॅटच्या हातात असतं. वर कुठे थांबायचं ते रेडिएटर, पंखा, बाहेरची हवा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय ठरवतात.

आता रेडिएटरकडे या. तो किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट (इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारं पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फरक दुप्पट झाला की उष्णताही जवळपास दुप्पट. समजा बाहेर ४० अंश आहे आणि पूर्ण लोडवर तुमच्या इंजिनाची उष्णता टाकायला ६५ अंशांचा फरक लागतो. मग कूलंट १०५ला जाऊनच स्थिरावणार, थर्मोस्टॅट कोणताही असो.

मग तुमचा काटा खाली का राहिला? कारण तुम्ही चढाच्या पायथ्याशीच ८ अंश थंड होतात. हे ८ अंश म्हणजे किती, ते मोजून पाहू. समजा इंजिनात ३० लिटर कूलंट आहे. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असलं की लिटरमागे प्रत्येक अंशाला साधारण ३.६ किलोज्यूल लागतात, म्हणजे ८ अंशांसाठी सुमारे ८६० किलोज्यूल. इंजिनाचं ४०० किलो बीड धरलं तर त्याचे आणखी १,४७०. एकूण २,३०० च्या थोडं वर. रेडिएटरला झेपते त्यापेक्षा १० किलोवॉट जास्त उष्णता इंजिन तयार करत असेल, तर हा साठा भरायला जेमतेम चार मिनिटं लागतात. खरं तर कमीच, कारण थंड कूलंटातून रेडिएटर उष्णताही कमी टाकतो.

म्हणजे ८२च्या थर्मोस्टॅटने तुम्हाला चार मिनिटांची सवलत मिळाली. चढ पाच-सहा मिनिटांचा असेल तर तेवढ्यात माथा येतो आणि गाडी बरी झाली असं वाटतं. हाच ट्रेलर घेऊन पंधरा-वीस मिनिटांच्या चढावर जा, तिथे काटा जुन्याच जागी पोचलेला दिसेल. अमेरिकेत पिकअपची ओढण्याची क्षमता ठरवणारी एसएई जे२८०७ ही चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब चढावर बेतलेली आहे, तीही ३८ अंशांच्या हवेत आणि एसी पूर्ण चालू ठेवून. गाडीच्या अंगातला सगळा थंडावा संपेपर्यंत तिला रगडलं नाही तर तिची खरी कुवत कळत नाही. आणि कंपनीचा ट्रक ही परीक्षा कंपनीच्याच ताकदीवर देतो. रिमॅप करून (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून) आणि मोठा टर्बो लावून आपण वर जी ताकद चढवतो, तिच्या निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता कूलंटात येऊन पडते. ती कोणीच चाचणीत धरलेली नसते.

थोड्या वेळाच्या शर्यतीसाठी मात्र मी स्वतः ८२चाच बसवेन. पाव मैल पळायचं किंवा एकदाच वजन ओढायचं असेल तर चार मिनिटं पुरून उरतात. रोज चालणाऱ्या गाडीत नाही. रिकाम्या ट्रकचं इंजिन कायम थंड राहिलं की तेलात उतरलेलं पाणी आणि डिझेल उडून जात नाही, आणि सिलिंडरची झीज वाढते.

तुमच्या मित्राची गाडी जास्त तापली हेही मला पटतं. कारण मात्र वेगळं आहे. कूलंट बंद चक्रात फिरतं. ते रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबत असेल तर इंजिनातही कमीच वेळ थांबतं, आणि तासाभरात दोन्हीकडचा एकूण वेळ तेवढाच राहतो. उलट प्रवाह वाढला की रेडिएटर वरपासून खालपर्यंत सारखा गरम राहतो आणि जास्त उष्णता टाकतो. बिघाड होतो तो दुसरीकडे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला एक चकती असते. थर्मोस्टॅट उघडला की ती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा. मग गरम कूलंटाचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता आखूड वाटेने थेट पंपात परततो.

दुसरं कारण दाबाचं. थर्मोस्टॅटच्या अरुंद तोंडामुळे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमध्ये रेडिएटरच्या झाकणाच्या दाबापेक्षा थोडा जास्त दाब टिकतो. तो गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, जिथे धातू सगळ्यात तापलेला असतो, कूलंट उकळायला लागतं. तिथे बारीक बुडबुडे सुटत असतील आणि प्रवाह त्यांना धुऊन नेत असेल तर चांगलंच आहे, ते उष्णता झपाट्याने उचलतात. पण बुडबुडे एकमेकांत मिसळून धातूवर वाफेचा पडदा धरला, की त्या जागी कूलंट टेकतच नाही. काटा १०२ दाखवत असतो आणि हेडला तडा जात असतो. म्हणून झाकणाला मी फार जपतो. निम्म्या ग्लायकॉलचं मिश्रण उघड्यावर १०७च्या आसपास उकळतं. १ बारचं झाकण नीट धरत असेल तर १२९च्या आसपास. झाकणाचं रबर कडक झालं की ही सगळी ढाल गेली.

रेडिएटरच्या खर्चाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं, कारण मीही त्यातून गेलो आहे. ट्यून केल्यानंतर माझा ट्रक लांब चढावर ११२ला जायचा आणि पाणी फेकायचा. एका वर्कशॉपने रेडिएटर छोटा पडतोय असं छातीठोक सांगितलं. नवा मागवण्याआधी मी रेडिएटरच्या पुढचा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) उतरवला. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर जागेत नमद्यासारखा जाड थर बसला होता. ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेल्या तेलाच्या वाफेवर धूळ चिकटलेली, त्यात किड्यांचे पंख आणि गवताचा कापूस. रात्री मागून टॉर्च धरला तर उजेड फक्त वरच्या पट्ट्यातून येत होता. खालचा सगळा भाग काळा. बाहेरून, समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसायची! इंजिनच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने, जाळीची पाती वाकणार नाहीत असं धुतलं. कडेच्या फटींना फोमच्या पट्ट्या लावल्या, कारण हवा फटीतून निसटू शकत असेल तर जाळीतून कशाला जाईल? त्याच चढावर, तेवढ्याच वजनाला गाडी १०४ला थांबली. रेडिएटर अजून जुनाच आहे.

त्या थराने आणखी एक गोष्ट बिघडवली होती. गरजेनुसार पंखा इंजिनाला जोडणाऱ्या फॅन क्लचच्या तोंडावरची स्प्रिंग कूलंटचं तापमान ओळखत नाही, रेडिएटरमधून आलेल्या हवेचं ओळखते. जाळी बुजली आणि कडेने गार हवा येत राहिली, तर इंजिन उकळत असतानाही क्लच निवांत. म्हणून चढावर काच खाली करून ऐका: क्लच पकडला की पंख्याचा घुमणारा मोठा आवाज येतो, तो ओळखायला चुकत नाही. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवून पाहा. अडखळत थांबला तर ठीक, मोकळा गरगर फिरला तर क्लच गेला. हे सगळं झाल्यावरही आकडा खाली येत नसेल, तेव्हाच मोठा रेडिएटर घ्या. माझा मूळ लेख या क्रमाने लिहिलेला नव्हता. तो मी सुधारतो आहे.

एक विनंती. तुम्ही काटा म्हणता तो डॅशबोर्डवरचा असेल तर त्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, मधल्या बऱ्याच अंशांत जागचा हलत नाही. ओबीडीला (गाडीच्या संगणकाची माहिती देणाऱ्या सॉकेटला) स्कॅनर लावा, जो सर्वात लांब चढ मिळेल तो ट्रेलरसकट घ्या आणि शेजारी बसलेल्याला दर मिनिटाचा आकडा लिहायला सांगा. माथ्यावर पोचलात तेव्हा आकडा थांबला होता की अजून वर सरकत होता, तेवढं मला कळवा.