अठराव्या वर्षी जिंकल्यानंतर

यूनचान लिम या कोरियन पियानोवादकाविषयी बोलणारे बहुतेक जण जून 2022मधील एका संध्याकाळपाशीच थांबतात. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे व्हॅन क्लायबर्न स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने रशियन संगीतकार राखमानिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) वाजवला, वाद्यवृंदाचे संचालन करणाऱ्या मॅरिन ऑल्सप यांनी शेवटी डोळे पुसले आणि त्या वादनाची चित्रफीत यूट्यूबवर एक कोटीहून अधिक वेळा पाहिली गेली. अठरा वर्षांचा लिम या स्पर्धेचा आजवरचा सर्वांत तरुण विजेता ठरला. माझ्या मते मात्र त्याच्या कारकिर्दीतला खरा महत्त्वाचा निर्णय त्यानंतरच्या वर्षी झाला, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली.

त्याआधी दैवयोगाची एक गोष्ट नोंदवायला हवी. ही स्पर्धा खरे तर 2021मध्ये व्हायची होती. कोरोनामुळे ती एक वर्ष पुढे गेली. प्रवेशाची किमान वयोमर्यादा अठरा वर्षे असल्यामुळे, ठरल्या वेळी स्पर्धा झाली असती तर मार्च 2004मध्ये जन्मलेल्या लिमला तिच्यात उतरताच आले नसते.

राखमानिनॉफपेक्षा मला त्याची उपांत्य फेरी अधिक मोलाची वाटते. तिथे त्याने संगीतकार लिस्टचे बाराही ‘ट्रान्सेन्डेन्टल एट्यूड’ (वादनतंत्राचा कस पाहणाऱ्या अभ्यासरचना) सलग सादर केले. यांपैकी दोन-तीन एट्यूड निवडून आपली बोटे किती चपळ आहेत हे दाखवणारे स्पर्धक पुष्कळ असतात, पण तासभराचा तो संपूर्ण संच परीक्षकांसमोर ठेवणे म्हणजे स्पर्धेतल्या फेरीला स्वतःची मैफल मानणे होय. हे धाडस जितके बोटांचे, तितकेच डोक्याचे होते.

आता मूळ मुद्दा. पहिल्या क्रमांकाबरोबर एक लाख डॉलर मिळतात आणि त्याहून मोठी देणगी म्हणजे तीन वर्षांचे व्यवस्थापन, अर्थात देशोदेशीच्या मैफली. नवोदित वादकाला याहून अधिक काय हवे, असे कोणीही विचारेल. पण ज्याच्या नावाने ही स्पर्धा 1962पासून भरते, त्या व्हॅन क्लायबर्नचेच आयुष्य पाहिले तर या देणगीची दुसरी बाजू दिसते. शीतयुद्धाच्या ऐन भरात, 1958 साली, या तेवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने मॉस्कोतील पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकली. त्याला पहिला क्रमांक द्यायला प्रत्यक्ष ख्रुश्चेव्ह यांची संमती घ्यावी लागली होती. मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याची कागदी फितींच्या वर्षावात मिरवणूक निघाली आणि त्याने ध्वनिमुद्रित केलेल्या चायकोव्हस्कीच्या पहिल्या कॉन्चेर्टोच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढची वीस वर्षे श्रोत्यांनी आणि आयोजकांनी त्याच्याकडे मुख्यतः तोच कॉन्चेर्टो आणि राखमानिनॉफचा तिसरा मागितला, आणि तो देत राहिला. समीक्षक त्याच्या वादनातला ताजेपणा ओसरल्याचे लिहू लागले. 1978मध्ये त्याने मैफली थांबवल्या आणि 1987मध्ये व्हाइट हाउसमध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्यासमोर वाजवेपर्यंत तो सार्वजनिक मंचापासून दूरच राहिला. माघारीमागे वैयक्तिक कारणेही होती, हे मान्य; तरीही तेविसाव्या वर्षीच्या यशाने त्याचा संग्रह, म्हणजे मैफलीत वाजवायच्या रचनांचा साठा, कायमचा ठरवून टाकला, असे मी म्हणेन.

याच्या उलट उदाहरण इटालियन पियानोवादक मौरित्सिओ पोलिनीचे. 1960मध्ये त्याने वॉर्सातील शोपँ स्पर्धा जिंकली तेव्हा तोही अठराचाच होता आणि परीक्षक मंडळात थोर पियानोवादक आर्तुर रुबिनस्टाइन होते. जगभरातून आमंत्रणे येत असताना पोलिनीने मैफली कमी केल्या, ज्येष्ठ पियानोवादक आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली यांच्याकडे काही काळ तालीम घेतली आणि आपला संग्रह वाढवला. त्याच्या व्यवस्थापकांना तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना करवते. पुढे शोपँइतक्याच अधिकाराने शोनबर्ग आणि बुलेझ या विसाव्या शतकातल्या आधुनिक संगीतकारांच्या रचना वाजवणारा पोलिनी जगाने पाहिला, त्याचे बीज मला त्या माघारीत दिसते.

लिमने मैफली सोडल्या नाहीत. आजच्या बाजारात तेवढी मोकळीक बहुधा कोणालाच नसते. त्याने केले ते असे की, 2023मध्ये त्याचे गुरू मिन्सू सोन सोलहून बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकवायला गेले, तेव्हा तोही त्यांच्यामागोमाग तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तेरा वर्षांचा असल्यापासून तो त्यांच्याकडे शिकत आहे. जगभरची सभागृहे आपल्या नावावर भरत असताना, आपले वादन ऐकून ‘इथे पुन्हा वाजव’ असे सांगू शकणारा माणूस जवळ ठेवणे हा मला त्याचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. आयोजक असे कधीच सांगत नाही, कारण त्याची तिकिटे आधीच विकली गेलेली असतात.

त्याच वर्षी डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीने त्याच्याशी करार केला आणि एप्रिल 2024मध्ये तिच्यासाठी केलेला त्याचा पहिला अल्बम आला: शोपँचे ओपस 10 आणि ओपस 25 (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) मधील चोवीस एट्यूड. योगायोग असा की, याच एट्यूडचे विख्यात ध्वनिमुद्रण करणारा पोलिनी त्याआधीच्याच महिन्यात गेला होता. एवढे जुने मापदंड समोर असताना हीच रचना निवडणे धोक्याचे होते, पण ‘ग्रामोफोन’ या ब्रिटिश संगीत-मासिकाने त्या अल्बमला पियानो विभागाचा पुरस्कार दिला आणि लिमला वर्षातील युवा कलावंत ठरवले. त्याच वसंतात हाताच्या दुखण्यामुळे त्याला काही मैफली रद्द कराव्या लागल्या, हेही विसरू नये. वीस वर्षांच्या हातांनाही मर्यादा असते आणि वेळापत्रक आखणाऱ्यांना ती सहसा उशिरा कळते.

गुरूजवळ राहण्याची ही चैन पहिल्या क्रमांकालाच परवडते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो बराचसा खरा आहे. चौथ्या-पाचव्या क्रमांकावर राहिलेल्या वादकाला आलेली मैफल नाकारता येत नाही. घरभाडे द्यायचे असते. म्हणूनच माझी तक्रार वादकांपेक्षा स्पर्धांच्या आयोजकांकडे आहे. तीन वर्षांच्या मैफली बांधून देताना त्यातले काही महिने केवळ नवीन रचना बसवण्यासाठी मोकळे ठेवावेत आणि त्या काळाचे मानधनही द्यावे. एक लाख डॉलरचे बक्षीस देणाऱ्यांना हे अशक्य नाही.

एप्रिल 2025मध्ये लिमने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बाखचे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ वाजवले. मूळ एरिया (एक गेय धून) आणि तिच्यावरचे तीस विस्तार असलेल्या या रचनेत राखमानिनॉफचा गडगडाट कुठेच नाही आणि फोर्ट वर्थची चित्रफीत पाहून तिकीट काढणाऱ्याला जे ऐकायचे असते, त्यातले जवळजवळ काहीच नाही. एकविसाव्या वर्षी तो ते वाजवू शकला, याचे श्रेय मी बोस्टनमधल्या त्या वर्गाला देतो.