सोकोतोच्या विदुषी आणि आपले ठाम अज्ञान

आमच्या नात्यातल्या एका काकांनी परवा ठासून लिहिले की पश्चिम आफ्रिकेत इस्लाम केवळ तलवारीने पसरला आणि तिथल्या बायकांना अक्षरओळख झाली ती गोऱ्यांच्या शाळांमुळेच. बाकीच्या सुशिक्षित मंडळींनी लगेच माना डोलावल्या, याचा मला अधिक राग आला.

मी उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात राहतो. हरमॅटनच्या, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या, धुळीतही इथली मुले लाकडी पाट्यांवर काजळीच्या शाईने कुराणातली आयत लिहितात आणि ती पाठ झाली की पाटी धुऊन पुढची घेतात. ब्रिटिशांनी सोकोतो हे इथले मुस्लिम राज्य जिंकले ते 1903 साली. ही पाटी त्याच्या कितीतरी आधीची आहे.

सोकोतो राज्याचे संस्थापक, धर्मपंडित उस्मान दान फोदिओ यांनी 1804 मध्ये इथल्या हौसा राजांविरुद्ध जिहाद पुकारला, हे खरेच. पण बायका-मुलींना अडाणी ठेवून घरातल्या भांड्यांसारखे वापरणाऱ्या आणि फुटले की उकिरड्यावर फेकणाऱ्या पुरुषांवर, विद्वानांवरही, त्यांनी कडक शब्दांत लिहिले. त्यांची कन्या नाना अस्माउ (1793–1864) अरबी, फुलानी आणि हौसा भाषांत काव्य रचत असे. तिच्याकडे शिकून तयार झालेल्या स्त्रिया रुंद काठाची गवती टोपी घालून, तिला लाल पट्टी बांधून खेडोपाडी जात आणि तिच्या रचना इतर बायकांकडून पाठ करून घेत. फुले दांपत्याने 1848 मध्ये पुण्यात शाळा काढली तेव्हा हे काम इथे चालू होते. सावित्रीबाईंवर शेणगोळे फेकणाऱ्यांच्या वंशजांनी तरी आफ्रिकेला स्त्रीशिक्षण शिकवू नये.

वादविवादाचेही तेच. मुसलमानांविरुद्धच जिहाद कसा, असा जाब बोर्नू या शेजारच्या मुस्लिम राज्याच्या अल्-कानेमी या विद्वान नेत्याने पत्रांतून विचारला. उस्मानांचे पुत्र मुहम्मद बेल्लो यांनी प्रत्युत्तर तर दिलेच, पण 1812 च्या आपल्या ‘इन्फाक अल्-मैसूर’ या ग्रंथात प्रतिपक्षाची पत्रेही नोंदवून ठेवली. आपल्या वादांत एवढे सौजन्य मला क्वचितच दिसते.

सोकोतोची शेती मोठ्या प्रमाणावर गुलामांच्या श्रमांवर चालत होती, हे मात्र घरच्यांशी भांडताना मी सहसा बोलत नाही. आणि इथले सहकारी जेव्हा भारताला हिंदी चित्रपटांपुरता समजतात, तेव्हा मी तितक्याच तळमळीने त्यांना सावित्रीबाईंविषयी सांगू लागतो आणि शेणगोळ्यांचा उल्लेख टाळतो. जिथे बसलो आहे तिथल्यांपुढे दुसरीकडची बाजू घेण्याची ही ओढ मला इथे आल्यापासूनच लागली आहे, आणि दोन्ही ठिकाणची माणसे मला आपली वाटतात म्हणूनच ती सुटत नाही.