ऊन पडलंय म्हणून म्हशी हलवायच्या नाहीत?

परवा सकाळी प्रयाग चिखलीहून आत्तीचा फोन. गोठ्यात चार म्हशी, एक रेडकू, आणि आत्ती म्हणते, "यंदा जनावरं हलवत न्हाई बघ. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, कोल्हापुरात ऊन असलं की पूर येत न्हाई."

मेसेज मागवून घेतला. आमच्या चार ग्रुपवर फिरून गेलेला तोच. हवामान खातं मुंबईत बसून अंदाजपंचे ठोकतं. रेड अलर्ट दिला की थेंब पडत नाही. त्यापेक्षा मोबाइलमधलं अ‍ॅप तासातासाचं, महिनाभराचं अचूक सांगतं. आणि शेवटी हे उन्हाचं, 'जनावरं हलवायची घाई करू नका' या सल्ल्यासकट.

बाकीचं नंतर. आधी ऊन.

पंचगंगा शहरातल्या पावसानं फुगत नाही हो! भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी (पाचवी सरस्वती गुप्त, तिचा हिशेब कुणी मागत नाही) यांचं पाणी आत्तीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक होतं. ते पडलेलं असतं गगनबावड्यात, राधानगरीत, शाहूवाडीच्या डोंगरात. कोकणातून आलेला मोसमी वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, गार होतो आणि घाटमाथ्यावर रिता होतो. जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळपर्यंत जाईस्तोवर त्याच्यात फारसं काही उरत नाही. म्हणून गगनबावड्यात छत्री उलटी होत असताना शहरात महाद्वार रोडवर लोक गॉगल लावून फिरतात. ते पाणी शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्याला दिसतं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. राधानगरी धरण भरलेलं असलं तर स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानंच उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. उघडताना ते शहरात ऊन आहे का ते बघत नाहीत. बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं. २०१९ ला आत्तीच्या गोठ्यातली गव्हाण बुडाली, अंधारात गाठी सुटेनात म्हणून दावी कोयत्यानं तोडली. मेसेज लिहिणारा तेव्हा कुठल्या गच्चीवर ऊन खात होता, अंबाबाईलाच ठाऊक.

रेड अलर्ट आणि थेंब. यात अर्धं खरं आहे, कबूल करताना जिवावर येतंय. जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आणि शहरात राजारामपुरीत कोरडं ठाक, हे मीही पाहिलंय. पण इशारा वाचायची रीत खात्यानंच ठरवून दिलीय. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्यापुढं अत्यंत मुसळधार. दिवस धरायचा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. आणि 'तुरळक ठिकाणी' म्हणजे फार तर २५ टक्के केंद्रांवर. आपल्या जिल्ह्यात ती केंद्रं कुठली असणार? घाटातली! म्हणून तर आता कोल्हापूर आणि कोल्हापूर घाट असे वेगळे इशारे निघतात. मेसेजसोबत फिरणारा स्क्रीनशॉट नीट बघा, 'घाट' हा शब्द कापलाय.

वळवाचं मात्र मान्य. कळंब्यात गारा आणि रंकाळ्यावर लोक निवांत भेळ खातायत, असल्या ढगाचा पत्ता आदल्या दिवशी कुणी देऊ शकत नाही.

मुंबईत बसून? बसू देत की. ढग बघायला खिडकी लागत नाही. उपग्रह, रडार, पहाटे आणि संध्याकाळी आभाळात सोडलेले फुगे यांच्या नोंदी महासंगणकात जातात, तो वाऱ्यापाण्याची गणितं सोडवतो, मग अनुभवी माणूस त्या उत्तरावर नजर फिरवतो. तुमचं लाडकं अ‍ॅपसुद्धा असल्याच गणितावर चालतं, फक्त नजर फिरवणारा माणूस बहुतेकदा नसतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकटीनं (एवढ्या चौकोनाला मिळून एकच) अंदाज काढते, त्याआधी चौकट १२ ची होती. एका चौकटीत अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, स्टेशन सगळं मावतं. तुमच्या गल्लीतला दुपारी तीनचा पाऊस त्यातून कसा निघणार? आणि आजच्या नोंदीतली बारीक चूक रोज वाढत जाते, त्यामुळं महिनाभराचा तारखेवार पाऊस सांगणारं अ‍ॅप आणि पाकीट उचलणारा पोपट यांत मी पोपटाला जास्त मार्क देईन.

आत्तीला एवढं पुराण सांगितलं नाही. तिच्या पोराच्या मोबाइलवर खात्याचं 'मौसम' अ‍ॅप घालून दिलं आणि बजावलं, रोज तीन गोष्टी बघायच्या: घाटाच्या इशाऱ्याचा रंग, राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत, बंधाऱ्याला किती फूट.

"मग आज किती हाय बंधाऱ्याला?"

३४. सकाळपेक्षा दीड फूट जास्त. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. दुपारचा टेम्पो सांगितला.